अनुभव धागा : सर्चमध्ये आपोआप उमटणाऱ्या सूचना

दोन अक्षरे टाइप करताच खाली पूर्ण प्रश्न उमटू लागतात. गूगलने ही सोय डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केली. आज तिच्याशिवाय सर्च सुचत नाही. या सूचनांनी तुमचे काम सोपे केले की तुमचा प्रश्नच बदलला, हे सोलापूरकरांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिकवणी घेणाऱ्या एक बाई : मुलांना १९३० च्या सोलापूर मार्शल लॉवर निबंध लिहायला सांगितला होता. जवळपास प्रत्येक वहीत चार हुतात्म्यांची नावे आणि १२ जानेवारी १९३१ ही फाशीची तारीख अचूक होती. परंतु गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर का उतरले, याबद्दल एक ओळही नव्हती. विचारल्यावर कळले की ‘सोलापूर मार्शल लॉ’ एवढे टाइप केल्यावर खाली जे आले, तेच मुलांनी निवडले होते. पुष्कळांनी विचारलेला प्रश्न वर येतो, तो महत्त्वाचा असतोच असे नाही, आणि मुलांच्या बाबतीत मला याची खरोखर काळजी वाटते. आता मी प्रश्न आधी वहीत लिहून घेते, मगच मोबाईल हातात देते.

पूर्व भागातील चादरींचे एक व्यापारी : बाईंचे म्हणणे पटले, पण आम्हाला याच गोष्टीचा उपयोग होतो. ‘सोलापुरी चादर’ लिहिल्यावर पुढे ‘किंमत’, ‘डबल बेड’, ‘होलसेल’ असे शब्द येतात, म्हणजे गिऱ्हाईक माल कोणत्या शब्दांत मागते ते समजते. मालाची नावे आम्ही तशीच लिहितो. मागणीचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नये, कारण ठिकाण, भाषा आणि आपले जुने सर्च यांनुसारही सूचना बदलतात.

साखर पेठेतील एक वाचक : घरात तेलुगू आणि मराठी दोन्ही चालतात. फोनची भाषा बदलली की सूचनाही बदलतात.

एक दुकानदार : माझ्या नात्यातील एकांच्या दुकानाच्या नावापुढे ‘फसवणूक’ हा शब्द येऊ लागला, तेव्हा जुनी गिऱ्हाईकेही चौकशी करू लागली. तक्रार कोणाचीच नव्हती. बहुधा कुतूहलाने दाबणाऱ्यांमुळेच तो शब्द टिकून राहिला असावा. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१३ मध्ये ठरवले की, अशी बदनामीकारक सूचना लक्षात आणून दिल्यावर ती रोखण्याची जबाबदारी सर्च चालवणाऱ्यावर येते. सूचनांच्या खाली आक्षेप नोंदवण्याची सोय असते. नोंदवण्यापूर्वी स्क्रीनशॉट अवश्य काढून ठेवावा.