मदत हवी आहे: मेलबर्नमध्ये गॅस गिझर काढून हीट पंप, सबसिडीचं गणित

नमस्कार मंडळी,

आमची गॅसची गरम पाण्याची टाकी १४ वर्षं जुनी आहे, आता खालून गंजकं पाणी झिरपतंय. पूर्ण बंद पडायच्या आत हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेवरचं यंत्र) बसवायचाय. जुलैच्या थंडीत आई-बाबा येतायत, त्या दिवसांत गार पाण्याची वेळ त्यांच्यावर येऊ द्यायची नाही.

सोलर व्हिक्टोरियाची (राज्य सरकारची योजना) सबसिडी किमतीच्या निम्मी, बहुतेक मॉडेलना कमाल १,००० डॉलर. शिवाय केंद्राची एसटीसी (अक्षय ऊर्जेच्या यंत्रांवर मिळणारी प्रमाणपत्रं, त्यांची किंमत सूट म्हणून मिळते) आणि राज्याची व्हीईयू (वीज-गॅस वाचवणाऱ्या उपकरणांसाठीची योजना) सूट विक्रेता बिलातूनच वजा करतो, इथवर समजलं.

अडलंय ते पुढे. एक विक्रेता म्हणतो, "आधी बसवून घ्या, अर्ज नंतर करू." माझ्या वाचनात मंजुरी आधी लागते. हजार डॉलरचा प्रश्न आहे, म्हणून ज्यांनी स्वतः अर्ज केलाय त्यांनीच कृपया क्रम सांगा.

पाच माणसांना २७० लिटर पुरतं का? पहाटे ३-४ अंशांत पाणी नीट तापतं का? आणि आवाज? शेजाऱ्यांच्या बेडरूमची खिडकी अगदी लागून आहे, त्यांचं बाळ लहान आहे.

छतावर सोलर असल्यामुळे पंप दुपारीच चालेल असा टायमर लावायचा विचार आहे. कुणी तसं करतंय का?