पियानोचा स्वतःचा आवाज खणखणीत, रीपरमध्ये मात्र मलूल. कुठे अडतंय?

पेटीवाला_गिरगाव

नमस्कार मंडळी. मी मूळचा पेटीवाला, भजनं आणि नाट्यगीतांना साथ करतो. भाचा दुबईला नोकरीला गेला आणि जाताना त्याचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आमच्या खोलीत ठेवून गेला. चाळीतली खोली केवढी, तुम्हाला माहीतच आहे. खाट सरकवावी लागली, त्यावरून घरात अजून बोलणी खातोय. पण रात्री हेडफोन लावून वाजवता येतं, हे सुख मोठं. पेटी काढली की शेजारचे आजोबा भिंतीवर काठी आपटतात.

आता अडचण. प्रिंटरला असते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल पियानोतून लॅपटॉपला लावली आहे. विंडोज आहे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय आणि त्यात एक फुकटचा पियानो प्लगइन, म्हणजे रीपरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा पियानो. पट्टी दाबली की सूर येतो, पण अगदीच मलूल. आवाजाचा मीटर -३० डेसिबलच्या वर जायला तयार नाही. फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलला तर आवाज मोठा होतो, उजळ होत नाही. तोच मऊ, दबका सूर मोठ्याने ऐकू येतो, बस. पियानोच्या व्हॉल्यूमची खुंटी शेवटपर्यंत पिळली तरी रीपरमध्ये ढिम्म फरक नाही. शिवाय पियानोचा आणि लॅपटॉपचा असे दोन आवाज जरा मागेपुढे येतात, ते वेगळंच.

म्हटलं, यूएसबीचा नाद सोडू. पियानोच्या हेडफोनच्या भोकातून एक जाड पिनेची केबल थेट ऑडिओ इंटरफेसच्या (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीच्या) पहिल्या इनपुटला लावली. हे तर आणखी विचित्र. खर्जातला सा दाबला तर खर्जच गायब, वरवरचा पोकळ झंकार तेवढा येतो. हेडफोन लावून तोच सा ऐकावा तर भरदार.

दुकानदार म्हणतो, नवा इंटरफेस घ्या. खिशात हात घालण्याआधी इथे विचारतोय.

लोकल_ड्रमर

काका, केबल हबमधून लावली असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा. आणि ट्रॅकवर एक कंप्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट) टाका, त्याचा मेकअप गेन म्हणजे शेवटचा आवाज वाढवा. आवाज दणदणीत होतो. माझं तरी असंच चालतं.

फेडर_मावशी

ड्रमरदादा, कंप्रेसरने मीटर वर जाईल, पण काकांचा दबका सूर दबकाच राहील. त्यांनी दुखणं नेमकं सांगितलंय: मोठा होतो, उजळ होत नाही.

काका, यूएसबीतून आवाज जात नाहीये. काही नव्या पियानोंत यूएसबीवरून ऑडिओही जातो, पण तुमची खुंटी पिळून रीपरमध्ये फरक पडत नाही, म्हणजे तिथून फक्त मिडी येतंय. मिडी म्हणजे स्वरलिपी समजा, गाणं नव्हे. कुठली पट्टी, किती जोराने दाबली, कधी सोडली, एवढंच त्यात असतं. सूर लॅपटॉपमधला प्लगइन काढतो. ‘किती जोराने’ याचा आकडा १ ते १२७ असतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. चांगल्या प्लगइनमध्ये एकाच पट्टीचे हळू, मध्यम, जोरात असे वेगवेगळे नमुने रेकॉर्ड केलेले असतात. तुमचा आकडा ४० च्या आसपास जात असेल, तर प्लगइन हळूवाला नमुना उचलतो. खऱ्या पियानोची तारही हळू मारली की मऊच बोलते. मग फेडर कितीही ढकला, नमुना तोच.

आणि तुम्ही पेटीवाले, इथेच मेख आहे. पेटीत आवाज भात्यात असतो. बोट फक्त वाट उघडतं. हलकं ठेवा नाहीतर दाबून धरा, जोर डाव्या हाताचा. पियानोला भाताच नाही, सगळं बोटाच्या वेगावर. माझ्याकडे पेटीवाले आले की त्यांचे आकडे ३०-५० मध्येच घोटाळतात. हात उत्तम असतात हो, सवय वेगळी. पियानोचे स्वतःचे स्पीकर हे झाकून नेतात, कारण तिथे खुंटी हाताशी असते आणि आतला आवाज त्याच पट्ट्यांच्या वजनाला जुळवलेला असतो.

आधी तपासा. चार ओळी रेकॉर्ड करा, त्या तुकड्यावर डबल क्लिक करा, मिडी एडिटर उघडेल. खालच्या पट्ट्यात उभ्या रेघा दिसतील, त्याच व्हेलॉसिटी. एक आलाप नेहमीसारखा, मग एक सा चांगला ठोकून. ठोकल्यावर ११० च्या पुढे गेला तर पियानो ठणठणीत आहे.

मग पियानोच्या सेटिंगमध्ये ‘टच’ शोधा. नावं कंपनीगणिक बदलतात, पण ‘सॉफ्ट’ किंवा ‘लाइट’ म्हणजे बहुधा कमी जोरात मोठा आकडा. आवाज कडक हवा म्हणून लोक हमखास ‘हार्ड’ निवडतात आणि नेमकं उलटं करून बसतात. ‘फिक्स्ड’च्या वाटेला जाऊ नका, सगळे सूर एकाच ताकदीचे, हलक्या-जोरदार जागा जपणाऱ्या माणसाला ते सोसवणार नाही. सेटिंग बदलूनही आकडे हलले नाहीत, तर प्लगइनमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह असतो (आलेला आकडा किती धरायचा ते ठरवणारी रेघ), त्याचा मधला भाग वर उचला. एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं) जोडलेलं असेल तर ते अर्धवट दाबलेलं राहिलं नाही ना, तेही बघा.

आता पोकळ सा. तुमच्या जाड पिनेला दोन काळ्या रेघा आहेत का? असतील तर ती स्टिरिओ केबल. हेडफोनच्या भोकात टोकावर डावा आवाज, मधल्या कडीवर उजवा. इंटरफेसचं लाइन इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे एकच आवाज सुलटा आणि उलटा असा दोन तारांवरून घेणारं. त्याला वाटतं कडीवर टोकाचाच उलटा सिग्नल आहे, म्हणून ते एकातून दुसरा वजा करतं. दोन्ही कानांत जे सारखं असतं ते उडून जातं, आणि खर्ज बराचसा दोन्हीकडे सारखाच असतो. उरतो तो तुमचा झंकार. इंटरफेस बिचारा बरोबर वागतोय, नवा घेऊ नका. एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वाय केबल घ्या, लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. डावी इनपुट १ ला, उजवी २ ला, इंटरफेसचं बटण ‘इन्स्ट’वर (ते गिटारसाठी) नको, ‘लाइन’वर. पियानोची खुंटी पाऊणपर्यंत ठेवा आणि सगळ्यात जोरदार जागेला मीटर -१२ च्या आसपास येईल एवढाच गेन द्या.

पेटीवाला_गिरगाव

ताई (मावशी म्हणवत नाही, वयाने मीच मोठा असणार), आकडे काढले. यमनचा आलाप ३४ ते ५२. ठोकलेला सा ११८. मिसेस आतून विचारायला आल्या, काय पडलं.

टच ‘हार्ड’वर होता. भाचा पियानो रीतसर शिकलाय, त्याची बोटं तशी. ‘सॉफ्ट’ केल्यावर तोच आलाप ६० ते ८५ मध्ये येतोय आणि प्लगइनचा सूर एकदम खुलला, फेडर पुन्हा मूळ जागी, शून्य डेसिबलवर आणला. हलकी जागा हलकीच राहते, हे महत्त्वाचं. वाय केबल लॅमिंग्टन रोडवरून आणली, पोराने तीन वेगळ्या केबली पुढ्यात टाकल्या, रेघा मोजून उचलली. खर्ज परतला.

ते दोन मागेपुढे आवाज मात्र तसेच आहेत.

रात्रपाळी_ठाणे

काका, पहिला आवाज पियानोचा, दुसरा प्लगइनचा. यूएसबीने वाजवताना पियानोची खुंटी शून्यावर ठेवा, मिडीवर काही परिणाम होत नाही. किंवा मेनूत ‘लोकल कंट्रोल’ ऑफ करा, म्हणजे पट्ट्या पियानोचा स्वतःचा आवाज वाजवणार नाहीत. हेडफोन इंटरफेसला लावा, पियानोला नाही.

प्लगइनचा सूर उशिरा येतो, त्यासाठी रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइसला जाऊन इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारा) निवडा आणि बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून पुढे पाठवतो तेवढे आवाजाचे नमुने, १२८ करा. ४४,१०० हर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे ३ सुद्धा नाही. चरचर आली तर २५६. आणि लोकल ऑफ केलंत तर घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर पियानो मुका झाला म्हणून भाच्याला दुबईला फोन जाईल. बऱ्याच मॉडेलांत बंद करून परत चालू केलं की ते आपोआप ऑन होतं.