विचित्र चवीची बिअर: ग्लास संपवलात का?

परवा एका मैत्रिणीने "घे, तुला आवडेल" म्हणून हिरव्या लेबलचा कॅन हातात ठेवला. लेबलवर काकडी. मला वाटलं, काकडी म्हणजे गारेगार, हलकंफुलकं काहीतरी असणार. ओतली. फेस पांढराशुभ्र, रंग फिकट पिवळा, सगळं सभ्य. ग्लास नाकाशी नेला आणि थेट बरणीचं झाकण उघडल्याचा वास! व्हिनेगर, शेपू, लसूण. काकडी होती खरी, पण खारवलेली. पहिल्या घोटाला मी मोठ्याने हसले. दुसरा घेताना मैत्रिणीचं तोंड बघत होते. तिसऱ्यापर्यंत विनोद संपला आणि ग्लास पाऊण भरलेलाच.

त्या पाऊण ग्लासावरून हा धागा. तुम्ही असलं काय काय प्यायलात? लेबलवर काय होतं, जिभेवर काय आलं, आणि मुख्य म्हणजे ग्लास संपवलात का? "इंटरेस्टिंग होती" हे उत्तर धरलं जाणार नाही. बिअरला इंटरेस्टिंग म्हणणारा माणूस तिचा दुसरा ग्लास मागवत नाही, असा माझा अनुभव आहे.

*

हाबानेरो मिरचीची आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर. वास छान, हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), संत्र्याच्या सालीसारखा. पहिला घोट गिळला आणि वाटलं, उगाच घाबरलो. तेवढ्यात घशात आग लागली. आता तिखट लागल्यावर माणूस काय करतो? हातात असेल ते पितो. माझ्या हातात तीच बिअर होती!

नंतर कळलं की मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. पण बिअरमध्ये अल्कोहोल असतं किती? आग धुऊन काढण्याइतकं नक्कीच नाही. वर फसफस असते, ती भाजलेल्या जिभेला आणखी टोचते. ग्लास संपवला, हो. पैज होती. पैजेशिवाय कुणी संपवला असेल तर त्याला माझा दंडवत.

*

माझा अनुभव उलट्या बाजूचा. मी शाकाहारी आहे. एका मित्राने जर्मनीतल्या बांबर्गची श्लेंकर्ला नावाची बिअर समोर ठेवली. काळपट तांबूस रंग. वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला, कारण तो सरळसरळ धुरावलेल्या मांसाचा वास होता. मी तीनदा विचारलं, यात काय घातलंय? तो तीनदा म्हणाला, काही नाही. बाटली फिरवून फिरवून वाचली तेव्हा विश्वास बसला. पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स, यीस्ट. बस्स. माल्ट तेवढा बीच झाडाच्या लाकडाच्या जाळावर वाळवलेला, सगळा वास त्या धुराचा.

गंमत म्हणजे एके काळी लाकडाच्या जाळावर वाळवलेला माल्ट सर्रास असायचा, त्यामुळे बिअरला धुराचा वास यायचाच. पुढे धूर न लावता गरम हवेवर वाळवण्याच्या भट्ट्या आल्या आणि तो वास गेला. म्हणजे आज आपण जिला विचित्र म्हणतो ती खरी जुनी. पहिला ग्लास निग्रहाने संपवला. दुसऱ्यात धूर मागे गेला आणि माल्टचा गोडवा पुढे आला. तिसरा मी स्वतः मागितला.

*

वरच्या शाकाहारी मित्रासाठी: धुराच्या बिअरमध्ये मांस नसतं, पण ऑयस्टर स्टाउट (स्टाउट म्हणजे काळी, भाजल्या चवीची बिअर) मागवताना विचारून घ्या. काहींमध्ये नुसतं नाव असतं, काहींमध्ये खरोखर शिंपले उकळलेले असतात. आणि अगदी साध्या दिसणाऱ्या काही बिअर नितळ करायला आयसिंग्लास वापरतात. तो माशाच्या वाताशयातून काढतात. लेबलवर शोधून बहुधा सापडणार नाही.

*

धागाकर्ती: आभार. शाकाहारी मंडळींची आजची झोप तुमच्या नावावर.

*

बिस्किट-व्हॅनिला-चॉकलेट स्टाउट, साडेबारा टक्के. दाट, काळी, ग्लासच्या कडेला चिकटून हळूहळू ओघळणारी. पहिला घोट म्हणजे वाढदिवसाच्या केकचा तुकडा. बायको म्हणाली, "ही बिअर नाही, ही चमच्याने खायची." मी अख्खा कॅन एकट्याने संपवला, मोठ्या अभिमानाने.

रात्री दीड वाजता अभिमान उतरला. मला दूध पचत नाही हे मला गेली वीस वर्षं माहीत आहे. बिअरमध्ये दूध असेल हे मात्र डोक्यातच आलं नाही. या गोड स्टाउटमध्ये लॅक्टोज घालतात, म्हणजे दुधातली साखर. बिअरच्या यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून ती तशीच मागे राहते आणि अंगाला गोडवा, जाडपणा देते. यीस्टला पचत नाही, मलाही पचत नाही! कॅनवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, चष्मा लावून सकाळी वाचलं. तेव्हा संपवला का याचं उत्तर हो, आणि त्याने मला.

*

मी घरी बिअर करतो (राहतो तिथे परवानगी आहे, काळजी नसावी). शेंगदाणा-बटरची स्टाउट करायची खुमखुमी आली. बरणीतलं बटर सरळ ढकललं. वास अप्रतिम. पण ग्लासात ओतली की फेस येई आणि डोळ्यांदेखत सुर्र करून बसे. वर तेलाचे बारीक डोळे तरंगत. तेल फेसाचा वैरी, हे कुठेतरी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. आता तेल काढलेली शेंगदाण्याची पूड वापरतो.

तेवढ्यावर शहाणा झालो असतो तर काय! पुढची रासबेरीची. आंबवण झाल्यावर चव आणखी ताजी हवी म्हणून बाटल्या भरताना फळाचा गर घातला. गरात साखर, बाटलीत जिवंत यीस्ट, वर घट्ट बूच. नवव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटात पहिली बाटली फुटली. दार उघडायला गेलो तोवर दुसरी. कपाटाच्या दारातून लाल धार, जमिनीवर काचा, आणि आई दुसऱ्या खोलीतून "कुणाला लागलं का रे?" म्हणून ओरडतेय. लागलं नाही कुणाला. उरलेल्या बाटल्या मोटरसायकलचं हेल्मेट, जाड जाकीट आणि हातमोजे घालून एकेक उघडल्या. छतावरचा गुलाबी डाग रंग देऊनही पुसट दिसतो. चव? चव सांगायला पुरेशी उरलीच नाही.

*

हे सगळं वाचून एकच वाटतं, बिअर बिअरसारखी असावी. 1516 साली बव्हेरियात कायदा झाला तो उगाच नाही. बार्ली, हॉप्स आणि पाणी. बाकीचं सरबतात घाला.

*

@वरचे: त्या कायद्यात यीस्टचंही नाव नाही. म्हणजे शब्दशः पाळलात तर ती बिअर आंबणारच नाही. आणि त्याच जर्मनीत गोझलार आणि लाइपझिगची गोझे आहे, तिच्यात मीठ आणि धणे घालतात, लॅक्टिक आंबटपणा वेगळा. शेजारी बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरला संत्र्याची साल आणि धणे. ती जात मरायला टेकली होती, पिएर सेलिस यांनी 1966 मध्ये हूगार्डन गावात पुन्हा सुरू केली. तुमच्या "बिअरसारखी बिअर"च्या आधीही लोक काहीबाही घालून पितच होते हो. मिडास टच या बिअरचं उदाहरण घ्या: तुर्कस्तानात गॉर्डियनच्या थडग्यातल्या भांड्यांना जो साका चिकटलेला होता, त्याच्या रासायनिक तपासणीवरून डॉगफिश हेड या अमेरिकन ब्रूअरीने ती रचली. बार्ली, मध, द्राक्षं, वर केशर. मी प्यायले आहे. थोडी गोड, पण ग्लास रिकामा.

*

ऐकीव गोष्टी चालतील का? अमेरिकेतल्या रोग (Rogue) नावाच्या ब्रूअरीने आपल्या ब्रूमास्टरच्या, म्हणजे बिअर करणाऱ्या मुख्य माणसाच्या दाढीतलं यीस्ट घेऊन बिअर केली होती. डेन्व्हरच्या विंकूप ब्रूअरीने 2012 च्या एप्रिल फूलला बैलाच्या वृषणांची स्टाउट आणतोय असा विनोद केला, लोक मागायला लागले, तर त्यांनी खरोखरच आणली. आणि डेन्मार्कची 2017 ची पिस्नर: तिची बार्ली संगीत महोत्सवात जमा केलेल्या मूत्राच्या खतावर वाढवलेली. मूत्र शेतात, ग्लासात नाही, तरी नाव वाचून हात पुढे जाईल का सांगा. माझा दाढीपर्यंत जाईल. यीस्ट कुठून ना कुठून येणारच.

*

मी टॅपच्या पलीकडचा, म्हणजे ओतणारा. नारळाची किंवा मिरचीची बिअर लागली की पहिल्या संध्याकाळी रांग असते. सगळ्यांना छोटा टेस्टर हवा, सगळे फोटो काढतात, शेजाऱ्याला "तू पी, तू पी" करतात. आणि मग तेच सगळे मोठा ग्लास मागतात तो साध्या लागरचा. विचित्र बिअरचा पिंप आठवडाभर हलत नाही.

पिंप एकदाचा संपला तरी आमचं संपत नाही. वास नळीत बसतो. एकदा मिरचीनंतर त्याच लाइनवर साधी पिल्सनर जोडली. नेहमीप्रमाणे लाइन धुतली होती. तरी पहिला ग्लास घेतलेले गृहस्थ खोकत परत आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "ही जरा तिखट आहे का?" शेवटी अख्खी नळी बदलली. आता मालक अशी बिअर आणायची म्हणाले की मी आधी विचारतो, कॅनमध्ये मिळते का?

*

उशिरा लिहितोय. कोविडमध्ये माझा वास गेला आणि बरेच महिने आला नाही. तोवर मी स्टाउट पिणारा, भाजल्या कॉफीचा वास आवडायचा. ती कडू पाणी झाली. आयपीए म्हणजे त्याहून कडू पाणी. काहीच लागेना, तेव्हा एका मित्राने गोझे आणून दिली. मीठ लागलं! आंबट लागलं! जिभेच्या कडा आवळल्या. मिरचीवाली बिअरही मी त्या काळात प्यायलो, वर कुणीतरी दंडवत घालणार होते तो मला चालेल. चटका बसायला वास लागत नाही. ज्या बाटल्या आधी मी नौटंकी म्हणून हसण्यावारी न्यायचो, त्यांनीच तेव्हा मला काहीतरी पीत असल्यासारखं वाटू दिलं.

मग एका रविवारी गव्हाची साधी हेफेवाइझन ओतली, सवयीने, काही अपेक्षा नव्हती. फेस वर आला आणि केळ्याचा वास आला. मी आधी टेबलावर बघितलं, कुणी केळं सोललंय का. नव्हतं. बायकोला हाक मारली, "याला केळ्याचा वास येतोय का?" ती म्हणाली, "येतोच ना, नेहमीच येतो." त्या बिअरमध्ये केळं कधीच नसतं, यीस्टच आंबताना तो वास बनवतं, हे मला माहीत होतं. तरी पुन्हा पुन्हा तिला विचारत राहिलो.

ग्लास संपवला का? नाही. तळाशी दोन बोटं ठेवली आणि ती कोमट होईपर्यंत नुसता वास घेत बसलो.