ऑफिसच्या फळ्यावर दिनविशेष: तारीख की तिथी?

फळेकरी: कोल्हापुरातलं ऑफिस, दहाच्या आत दिनविशेष लिहायचा असतो. शिवराज्याभिषेक ६ जूनला लिहायचा की तिथीला? दोन्हीकडून बोलणी बसतात.

रंकाळाकाठ: दोन्ही दिवशी लिही, फळा काय भाड्याचा आहे? ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तिथी दरवर्षी सरकते, पंचांग बघूनच लिही. खरा घोळ शाहू महाराजांच्या तारखांत होतो. जन्म २६ जून १८७४, मागासवर्गीयांना ५० टक्के जागांचा हुकूम २६ जुलै १९०२. एका महिन्याचा फरक, साहेब नेमका तोच पकडणार.

तांबडापांढरा: चुकून परमनंट मार्करनं लिहिलंस तर घासत बसू नको. त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरव आणि ओला असतानाच कापडानं पूस; त्यातल्या द्रावकानं खालची शाई सुटते. नाहीतर जयंती दिवाळीपर्यंत फळ्यावरच, भावा.