सोसायटीत चोरी झाली, तर भरपाई सुरक्षा एजन्सीने द्यावी का?

धागाकर्ता (सोसायटीचा सचिव, पुणे): गेल्या महिन्यात पहाटे आमच्या पार्किंगमधून दुचाकी चोरीला गेली. वॉचमन पाण्याची मोटर बंद करायला मागे गेला आणि तेवढ्या चार मिनिटांत चोराने गाडी ढकलत फाटकाबाहेर नेल्याचे सीसीटीव्हीत दिसते. 'चोरीस एजन्सी जबाबदार नाही' या करारातील कलमावर एजन्सी बोट ठेवते. दरमहा पैसे आपण राखणीचेच मोजतो, म्हणून भरपाई एजन्सीनेच द्यायला हवी. दिल्लीत 1998 साली ताजमहाल हॉटेलच्या व्हॅलेकडे (पाहुण्यांची गाडी पार्क करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) दिलेली मारुती झेन चोरीला गेली, तेव्हा 'जोखीम मालकाची' असे पावतीवर छापलेले असूनही सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हॉटेललाच जबाबदार धरले.

प्रतिसाद १ (दिवाणी वकील): तो दाखला इथे लागू पडत नाही. तिथे किल्ली आणि गाडी हॉटेलच्या ताब्यात दिली होती, त्यामुळे ती परत करण्याचे ओझे हॉटेलवर होते. तुमच्याकडे किल्ली मालकाच्याच खिशात होती. म्हणून इथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल, आणि पहिला प्रश्न असा येईल की फाटकावरच्या माणसाला मोटरचे काम कोणी सांगितले?

प्रतिसाद २ (एजन्सीचालक): आम्ही विमा कंपनी नाही. सर्वांत कमी दराचे कोटेशन निवडायचे, एकाच माणसाला बारा तास उभे करायचे, त्याच्याकडून मोटर, कचरा आणि कुरिअरही पाहून घ्यायचे आणि गाडी गेली की बिल अडवायचे, हे न्याय्य नाही.

प्रतिसाद ३: एजन्सीचालकांचे म्हणणे अर्धेच पटते. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालील नियमांत गार्डला 160 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते न देता माणूस उभा केला असेल, तर तो दोष एजन्सीचाच. मला अधिक खुपते ते पुढचे: सोसायटी बिलातून कापते आणि एजन्सी तेच वॉचमनच्या पगारातून वळते करते. खास त्याच्याकडे सोपवलेला माल त्याच्याच हलगर्जीने गेला असेल आणि त्याला बाजू मांडू दिली असेल, तरच अशी कपात करता येते, ही अट 1936 च्या वेतन प्रदान कायद्यापासूनची आहे. पार्किंगमधल्या शंभर गाड्या त्याच्याकडे कोणी सोपवल्या होत्या?

धागाकर्ता: केबिनमधला ड्यूटीचा तक्ता आज पाहिला. मोटरच्या वेळा त्यात लिहिलेल्या आहेत आणि खाली सही माझीच आहे. त्यामुळे पूर्ण भरपाईचा आग्रह सोडतो. मात्र प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे एजन्सीकडून लेखी मागवणार आहे, आणि वॉचमनच्या पगाराला हात लावणार नाही असे तिने लिहून दिल्याशिवाय तडजोडीवर सही करणार नाही.