धाप लागल्यावर चेहऱ्यावर वारा: उपचार की नुसती समजूत?

साताऱ्याची लेक:
माझ्या आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. विडीला कधी हात लावला नाही, पण 40 वर्षं चुलीचा धूर छातीत गेला. श्वासाचा पंप नेमाने घेते, तरी नळावरून ओट्यापाशी येईपर्यंत धाप लागते. फिजिओथेरपीच्या ताईंनी हातात धरायचा बॅटरीचा पंखा घ्यायला सांगितलं. वीतभर अंतरावरून नाक, ओठ, गालांवर वारा घ्यायचा. अंगणात तीन फेऱ्यांत बसणारी आई आता पाच घालते. फुप्फुसाच्या प्रत्येक जुन्या रुग्णाला व्यायाम सांगताना हा पंखाही सांगायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

कोकणस्थित:
ताई, मला हे पटत नाही. वाऱ्याने फुप्फुसं सुधारत नाहीत. माझे वडील पंख्यासमोर बसले की "आता बरंय" म्हणायचे. त्या भरवशावर आम्ही दोन दिवस घालवले. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातला ऑक्सिजन 82 टक्क्यांपर्यंत घसरला होता. बरं वाटणं आणि बरं असणं यातला फरक आम्हाला फार महागात पडला.

फिजिओ_पुणे:
दादा, वाचून वाईट वाटलं. पंख्याने ऑक्सिजन वाढत नाही हे खरंच. पण चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेला गारवा लागला की मेंदूला जाणवणारी घुसमट कमी होते. 2010 मध्ये इंग्लंडमधल्या चाचणीत 50 रुग्णांनी पाच-पाच मिनिटं वारा एकदा चेहऱ्यावर, एकदा पायावर घेतला. चेहऱ्यावर घेतल्यावर धाप कमी झाली. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 239 रुग्णांचा अभ्यास आला. त्यांचा ऑक्सिजन फार खालावलेला नव्हता. नाकातल्या नळीने कुणाला ऑक्सिजन दिला, कुणाला साधी हवा. आराम सारखाच पडला. घरी मशीन आणायला कर्ज काढणारी माणसं मी बघते, म्हणून हे पोटतिडकीने सांगते.

आकडेमोड:
ते 50 जण बसलेले होते, चालत नव्हते. व्यायामाचा 2015 चा अभ्यास बघा: सायकलवर 10 रुग्ण. चेहऱ्यावर वारा असताना ते जास्त वेळ टिकले, मान्य. पण दहा जणांवरून 'प्रत्येकाला सांगा' म्हणायचं? शिवाय वारा कुठे लागतोय हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे मनाचा भाग वेगळा काढता येत नाही. आणि दमेकऱ्याला थंड, कोरड्या हवेने उबळ येऊ शकते.

साताऱ्याची लेक:
मनाचा भाग असेना का! धापेच्या भीतीने आई चालणंच सोडत होती. चालणं सुटलं की पायातली ताकद जाते, मग चार पावलांतही धाप लागते. दोन फेऱ्या वाढल्या, माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. दमेकऱ्यांचा मुद्दा मात्र बरोबर. 'प्रत्येक रुग्णाला' हे शब्द मागे घेते.

कोकणस्थित:
चालताना वापरू द्या, त्याला माझी ना नाही. पण बसल्याजागी धाप लागली, ओठ निळसर दिसले, तर आधी बोटाला ऑक्सिमीटर लावा. आकडा नेहमीपेक्षा उतरला असेल तर पंखा बाजूला ठेवून गाडी काढा. आम्ही ते केलं नव्हतं.