मदत हवी आहे: विकलेला तंबोरा फुटून परत आला, आता पैसेही परत मागतायत

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोक्याला नुसता भुंगा लागलाय. जरा मोठं आहे, सांभाळून घ्या.

सासूबाईंचा मिरजेचा तंबोरा होता, बायकी (म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा, जरा लहान). त्या गेल्यापासून गवसणीत गुंडाळून कपाटावर. घरात गाणारं कुणी उरलं नाही, म्हणून जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर १६,००० रुपयांना टाकला. 'वापरलेला आहे, खुंट्या थोड्या सैल आहेत, परत घेतला जाणार नाही' असं स्वच्छ लिहिलं होतं. सोबत नऊ फोटो. बंगळुरूच्या एका गृहस्थांनी घेतला.

पॅकिंग मी स्वतः केलं. आधी गोधडी, मग बबलरॅप, मग थर्माकोल लावलेलं खोकं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तक्रार आली, 'भोपळ्याला तडा आहे'. तीन फोटो पाठवले, खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही. अ‍ॅपवाल्यांनी 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' असं ठरवून परतीचं पार्सल मंजूर केलं. माझी 'परत नाही'ची अट गेली उडत.

काल तंबोरा घरी आला. त्यांच्या फोटोत एक तडा, माझ्यासमोर दोन. दांडी भोपळ्याला मिळते तिथे ती चक्क हलतेय. तारेचा सूर बारीक जुळवायचा एक मणी गायब. आणि माझं पॅकिंग कुठे? खोक्यात चुरगळलेले पेपर! गोधडी तिकडेच राहिली. (सासूबाईंच्या नऊवारीची होती. तिचं दुःख वेगळंच.)

४८ तासांत म्हणणं मांडलं नाही तर अ‍ॅपकडे अडकलेले सगळे पैसे त्यांना जाणार. काय लिहू?

खर्जातला_सा
ताई, तुम्ही तरी खोकं उघडताना व्हिडिओ केलात का? नसेल तर आता निदान खोकं, पेपर, चिकटपट्टी काही फेकू नका. दोन्ही कुरियर पावत्या शोधा, त्यावर वजन असतं. फक्त एक बघा, मोठं खोकं असलं की ते लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार करून ५००० ने भागतात आणि खरं वजन कमी असलं तरी तो आकडा बिलाला लावतात. तुम्हाला काट्यावरचं वजन हवंय. जाताना आणि येताना त्यात फरक असेल तर पॅकिंग काढल्याचा पुरावा तिथेच आहे.

धागाकर्ती
व्हिडिओ केला, नवऱ्याने. शेवटी शेवटी हात थरथरतोय पण पेपर आणि हलणारी दांडी दिसतेय. काट्यावरचं वजन जाताना ७.२ किलो, येताना ५.६.

मिरजकर_पाहुणा
वहिनी, तारा उतरवल्या होत्या का पाठवताना?

धागाकर्ती
नाही हो. उतरवायच्या असतात हेच माहीत नव्हतं.

मिरजकर_पाहुणा
तिथेच घात झाला. चार तारांचा ताण दांडीवर आणि तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) सतत असतो, त्यात ट्रकमधली आदळआपट. गोधडी कितीही गुंडाळा, ताण आतूनच असतो. आता उरलेल्या तारा आजच्या आज सैल करा, नाहीतर दांडी पूर्ण सुटेल.

आणि दोन्ही तडे बॅटरीच्या उजेडात नीट बघा. ताज्या तड्याची कड फिकट, लाकडाच्या भुशासारखी दिसते. जुना तडा आतून काळपट असतो, त्यात धूळ नाहीतर पॉलिश मुरलेलं असतं. आमच्याकडे ग्राहक आला की पहिलं हेच बघतात. घाबरू नका, भोपळा दुरुस्त होतो. मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकणारा तो भोपळा, आता तेवढा जाड मिळणं सोपं राहिलेलं नाही.

काळा_कोट
मालविक्री कायदा, १९३०. कलम ३९ प्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो प्रथमदर्शनी खरेदीदाराला दिल्यासारखाच. पण त्याच कलमात पुढे आहे की वाहतुकीची व्यवस्था विक्रेत्याने वाजवी करायला हवी. ताणलेल्या तारा तुमच्यावर उलटू शकतात. आणि वर्णनच चुकीचं निघालं तर 'परत घेणार नाही' या वाक्यावर फार विसंबू नका, माल वर्णनाशी जुळायला हवा असं कलम १५ आहे. शिवाय अ‍ॅपच्या अटी तुम्ही मान्य केलेल्या असणार, त्या आधी वाचा.

दोन्ही वेळचं कुरियर कुणी बुक केलं? तुम्ही पैसे भरले असतील तर त्या सेवेच्या ग्राहक तुम्ही. घरातली एक जुनी वस्तू विकणं म्हणजे व्यापार नव्हे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच जाता येतं, मुदत दोन वर्षं.

धागाकर्ती
जातानाचं मी केलं होतं, येतानाचं अ‍ॅपने.

बॅटरी लावून बघितलं. खालचा तडा पांढराफटक. वरचा, जो त्यांनी फोटोत दाखवला होता, तो आतून काळा आहे आणि त्यात पॉलिश चकाकतंय. म्हणजे तो आमच्याच घरातला. गवसणीखाली होता, माझ्या नऊ फोटोंत ती बाजूच नाही.

रोखठोक_नाना
कशाला सांगताय त्यांना? पुरावा त्यांनी आणायचा.

खर्जातला_सा
नाना, त्यांच्या फोटोत तो काळा तडा स्पष्ट आहे, झूम केलं की कुणालाही दिसेल. ताईंनी आपणहून लिहिलं तर निदान बाकीच्यावर विश्वास बसेल.

धागाकर्ती
मलाही तसंच वाटलं. असं लिहून पाठवलंय: 'वरचा तडा जुना आहे, तो जाहिरातीत सांगायचा राहिला, चूक माझी. म्हणून वस्तू परत घ्यायला हरकत नाही. खालचा तडा, सुटलेली दांडी आणि हरवलेला मणी तुमच्या तक्रारीच्या फोटोंत नाहीत, ते परतीच्या प्रवासातलं नुकसान आहे. पॅकिंग काढून घेतल्याने १.६ किलोचा फरक पावत्यांवर दिसतो. तेवढ्या दुरुस्तीचे पैसे वजा करून बाकीचे परत द्यावेत.' सोबत व्हिडिओ, दोन्ही पावत्या आणि तड्यांचे जवळून फोटो. मिरजेच्या एका कारागिरांनी फोटो बघून ४,५०० सांगितलेत, तेही जोडलं.

अ‍ॅपकडून अजून काही नाही. त्या गृहस्थांचा मात्र रात्री मेसेज आला, गोधडी धुऊन ठेवलीय, पत्ता तोच ना?